फायरप्लेसला चुना: घोडबंदर रोडच्या आमच्या हॉलचा रिव्ह्यू

आधीच सांगते, ठाण्यात कुठे फायरप्लेस असते का असं विचारू नका. असते. आमच्याकडे आहे. मानपाड्याला, सातव्या मजल्यावर, रिसेलचा टू बीएचके, आणि हॉलमध्ये पाय टाकला की समोर सात फूट रुंद, खालपासून पार सीलिंगपर्यंत लाल विटांची धिप्पाड फायरप्लेस. आधीचे मालक काही वर्षं बाहेर राहून आलेले, तिकडची आठवण म्हणून त्यांनी ती बांधून घेतली, आणि खरोखरच्या विटांची बरं का, वॉलपेपर नाही, टाइल नाही. जिथे आम्ही डिसेंबरातसुद्धा पंखा एकवर ठेवून झोपतो तिथे. सासूबाई पहिल्या दिवशी कलश घेऊन आत आल्या, थबकल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही वीटभट्टी घरात कशाला?" त्यांचं माहेर शहापूरकडचं, त्यामुळे वीटभट्टी म्हणजे काय ते त्यांना नीट माहीत, दिवाळी झाली की भट्ट्या लागायच्या आणि पाऊस यायच्या आत आवरायच्या हे बघतच त्या मोठ्या झाल्यात. तेव्हापासून घरात तिचं नाव भट्टी.

तर हा रिव्ह्यू त्या भट्टीवर हात चालवलेल्या लोकांचा आहे. पॅनलवाला, वॉटरप्रूफिंगवाला, एसीवाला आणि रंगारी काका. नावं लिहीत नाहीये, पहिल्या दोघांची लिहून मला भांडण नकोय आणि काकांचं तर दुकानच नाही, ते तोंडी ओळखीवर काम करतात. पण ज्यांच्या घरात अशी विटांची भिंत आहे, फायरप्लेस नसली तरी ती हल्ली सगळ्यांना हवी असते तशी 'एक्स्पोज्ड ब्रिक'वाली टीव्हीची भिंत, त्यांनी पैसे खर्च करायच्या आधी हे वाचा.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात, तोडून का नाही टाकली. तोच विचार होता. २०२२ च्या दिवाळीत ताबा मिळाला आणि पहिला फोन तोडफोडवाल्याला केला. तो आला, टकटक करून बघितलं, म्हणाला आतून पोकळ आहे, साडेचार इंची विटांचा खोका बाहेरच्या भिंतीला चिकटवून उभा केलाय. मग आम्ही बसून हिशोब केला. पुढची बाजू आणि दोन्ही बाजूचे दीड-दीड फुटाचे गाल धरून पावणेचारशेच्या आसपास विटा, एक वीट साधारण तीन किलोची, वर सिमेंट-वाळूचा माल, म्हणजे दीड टनाच्या पुढे डेब्रिज. पंचवीस किलोची एक गोणी धरली तरी साठ-पासष्ट गोण्या. आमची लिफ्ट आठ जणांची, आत पाटी आहे ५४४ किलो, आणि सोसायटीचा नियम की डेब्रिज लिफ्टमधून नाही, जिन्यानं. सात मजले. वर दुपारी दोन ते चार आवाज बंद. तेही करून टाकलं असतं, पण खरी गोची वेगळीच निघाली. आधीच्या मालकांनी आधी भट्टी उभी केली आणि मग तिच्या कडेकडेनं हॉलच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या, म्हणजे भट्टी काढली की खाली सात बाय दीडचा खड्डा, आणि त्या टाइलचा शेड आता कुठे मिळणार. कापूरबावडीपासून पार कल्याण फाट्यापर्यंत टाइलवाले पालथे घातले, तुकडा घेऊन फिरले मी, दोन-बाय-दोनची तीच टाइल पण शेड प्रत्येक ठिकाणी अर्धा पाऊल पुढे नाहीतर मागे. अख्ख्या हॉलचं फ्लोअरिंग बदलायचं म्हणजे बजेट गेलं.

मग ठरलं, झाकायची.

दगडाचं क्लॅडिंग मला फार आवडलं होतं, ते खडबडीत करड्या पट्ट्यांचं. आमच्या डी विंगमध्ये एक रिटायर्ड स्ट्रक्चरल इंजिनिअर काका राहतात, त्यांना सहज विचारलं तर त्यांनी चहा संपायच्या आत विषय संपवला. राहत्या खोलीच्या स्लॅबला डिझाइन करताना वापराचा भार धरतात तो चौरस मीटरला दोनशे किलो, आयएस ८७५ या भारतीय मानकात तसा आकडाच दिलेला आहे, आणि तुमची ही बाई एका चौरस मीटरवर दीड टन घेऊन उभी आहे, ती बाहेरच्या बीमवर टेकलीये म्हणून निभावतंय, म्हणाले. पाऊण इंची ग्रॅनाइट चौरस फुटाला पाच किलोच्या घरात जातो, त्यात खालचा माल मिळवा, तुम्ही अजून सहाशे-सातशे किलो चढवणार. "वजन वाढवायचं सोडून काहीही करा." मी त्यांना पैसे विचारले तर म्हणाले चकली पाठवा. पाठवली.

त्याच सुमाराला न्यू जर्सीच्या माझ्या नणंदेनं उत्साहानं व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. तिच्या एडिसनच्या घरात खरी फायरप्लेस आहे, लाकडं पेटतात अशी, आणि तीही अशीच छतापर्यंत विटांची, तपकिरी, हॉल खाऊन टाकणारी. तिनं काय केलं तर पांढऱ्या सिमेंटचा पातळ माल विटांवर हातानं फासला आणि ओला असतानाच अर्धा पुसून काढला, तिकडे त्याला जर्मन स्मिअर म्हणतात. दिसतं झकास. पण जिथे प्रत्यक्ष जाळ असतो त्या आतल्या खोबणीला तिनं वेगळा उष्णतेचा रंग मारला, साडेसहाशे डिग्री सेल्सिअसपर्यंत टिकतो तो, आणि तोंडापासून सहा इंचांच्या आत लाकूडबिकूड काही लावायचं नाही, त्याच्या पुढे बारा इंचांपर्यंत लावलं तरी ते किती पुढे आलेलं चालेल त्याचंही माप ठरलेलं आहे. वर्षातून एकदा चिमणी साफ करणारा येऊन तपासून जातो. "वहिनी, तुमच्याकडे जाळच नाही म्हटल्यावर तुला काय टेन्शन, काहीपण लाव की," ती म्हणाली. मलाही ते पटलं. इथेच चूक झाली माझी. तिच्या भिंतीचा शत्रू आग, माझ्या भिंतीचा पाणी, आणि हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

आता पॅनलवाला. दुकान चकाचक, एसी, कॉफी, भिंतीवर सगळे नमुने लावलेले, लूव्हर, फ्लूटेड, चारकोल, मार्बल शीट. माणूस बोलायला गोड. डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली, उभ्या पट्ट्यांची लूव्हर पॅनल ठरली, अक्रोडाच्या रंगाची, खाली बारा एमएमचा प्लाय मारून त्यावर. मी मुद्दाम विचारलं होतं की ही विटांची भिंत आहे, दिवाळीत आलो तेव्हा खाली थोडी पांढरी पावडर दिसत होती, चालेल ना. तर म्हणाला, "मॅडम, म्हणूनच तर सातशेदहाचा मरीन प्लाय टाकतोय, पाण्यात बुडवून ठेवा, काही होणार नाही." कोटेशनवरही ७१० लिहिलेलं. सगळं मिळून ४६,००० घेतले, जानेवारी २०२३ मध्ये तीन दिवसांत काम झालं, आणि खोटं कशाला बोलू, दिसायला एक नंबर झालं होतं. त्यांची पोरं स्वच्छ काम करणारी, जाताना झाडू मारून गेली, वेळेत आली, आवाज कमी. म्हणजे तुमची भिंत कोरडी असेल, साधी प्लास्टरची असेल, तर पॅनल हा वाईट पर्याय नाही, दोन दिवसांत हॉल बदलतो. आमच्याकडे बघून बी विंगमध्ये दोघांनी करून घेतलं आणि त्यांचं अजून टकाटक आहे.

आमच्याकडे मे महिन्यात वास यायला लागला.

आधी वाटलं कार्पेट. मग वाटलं सोफा. मुलगा म्हणाला शाळेच्या स्विमिंग पूलच्या चेंजिंग रूमसारखा वास येतो. मग एक दिवस केर काढताना खालच्या बाजूला दोन पट्ट्या एकमेकींतून सुटलेल्या दिसल्या, त्यांच्या मागचा प्लाय फुगून पुढे आलेला. पॅनलवाल्याला फोन केला तर म्हणे बाहेरून पाणी येतंय तुमच्या भिंतीला, आमच्या वॉरंटीत सीपेज येत नाही, आधी वॉटरप्रूफिंग करा. पावसाळा गेला, ऑक्टोबरात वॉटरप्रूफिंगवाला आणला, तो दोरीवर लटकून बाहेरच्या तड्या भरून गेला, कोटिंग मारलं, २२,००० घेतले आणि पाच वर्षांची गॅरंटी लिहून दिली. हिवाळाभर सगळं शांत. मला वाटलं सुटले.

एप्रिल २०२४, परत वास.

या वेळी मी कुणालाही फोन केला नाही. रविवारी ह्यांनी आणि मी पॅनल काढायला घेतलं, सासूबाई खुर्ची टाकून बघत बसल्या. प्लायची मागची बाजू काळी, बुरशीनं अशी नक्षी काढलेली की एखाद्यानं शाई सांडावी. आणि कोपऱ्यात छाप. आयएस ३०३. एमआर ग्रेड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ७१० हा मरीन प्लायचा नंबर आणि ३०३ एमआर म्हणजे साधा कमर्शियल, कपाटाच्या आतल्या फळीला ठीक, ओल्या भिंतीला अजिबात नाही. म्हणजे कागदावर एक आणि भिंतीवर एक. प्लाय लावताना छापाची बाजू भिंतीकडे, कुणाला दिसणार? फोटो काढून पाठवले, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलेलं नाही. तुम्ही कुणाकडूनही करून घ्या, पण शीट घरात आली की उलटीपालटी करून छापाचा फोटो काढा, लावायच्या आधी. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि आतल्या विटा! लाल राहिल्याच नव्हत्या. खालच्या सहा-सात थरांवर कापसासारखा पांढरा लोणा फुललेला, बोटानं पुसला तर बोटाला खारट. वर जागोजागी पॅनलवाल्याच्या गमाचे पिवळे ओघळ.

मग आले रंगारी काका, आमच्या कामवाल्या ताईंच्या ओळखीचे. कळव्याला राहतात, सत्तरीला टेकलेले, हातात एक कापडी पिशवी. मी रंगाचं शेडकार्ड काढून बसले होते. त्यांनी ते बघितलंच नाही. भट्टीसमोर उकिडवे बसले, तळहात विटेवर ठेवला, मग त्याच्या वरच्या विटेवर, मग बाजूच्या, डॉक्टर पोट तपासतात तसं. डाव्या बाजूला तिसऱ्या थरावर हात थांबला. मला म्हणाले लावून बघा हात. थंडगार. मेची चार तारीख, बाहेर घामाच्या धारा, आणि ती एक वीट माठासारखी गार.

"ताई, पाऊस तर पडला नाय अजून. मग पाणी कुठलं प्याली ही?"

खरं सांगते, इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. मला पण नाही. दोन्ही वेळा एप्रिल-मेमध्ये वास आला, पावसाळ्याच्या आधी, आणि आम्ही मात्र पावसाच्या नावानं २२,००० घालवून बसलो. काकांनी वर बघितलं, एसीकडे बोट केलं. हॉलचा एसी भट्टीच्या डाव्या अंगाला वर आहे आणि त्याचे पाइप कुठे दिसत नाहीत, घर घेताना मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं, काय नीटनेटकं काम केलंय म्हणून. ते पाइप भट्टीच्या पोकळ पोटातून खाली आणलेले होते.

मग एकदाचा एसीवाला आला, काकांनी बाजूच्या गालातली एक वीट दर्जा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांचा माल, कोरून कोरून अलगद बाहेर काढली, न फोडता, जशी जत्रेतला माणूस नारळ सोलतो तशी, आणि आत टॉर्च मारला. पाण्याचा नळीसारखा पाइप मधेच पोट टाकून लोंबत होता, जोड सैल झालेला, आणि त्या जोडातून टप, पाच आकडे मोजा, टप. तांब्याच्या पाइपवरचा काळा फोमही दोन फूट गायब, त्यामुळे त्यालाही घाम फुटलेला. ठाण्याच्या दमट उन्हाळ्यात एक एसी रात्रभरात बादलीभर पाणी सहज काढतो, त्यातलं थोडंथोडं रोज विटांना, दोन वर्षं. वीट म्हणजे स्पंज. पाणी चढतं, विटेतले आणि मालातले क्षार विरघळवतं, पृष्ठभागावर आलं की पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच बसतो, तोच लोणा. आम्ही त्यावर प्लास्टिक मिसळलेली पॅनलं ठोकून पाण्याचा बाहेर पडायचा रस्ताच बंद केला होता. जानेवारीत पॅनल लावलं तेव्हा एसी महिनाभर बंद, म्हणून भिंत कोरडी दिसली.

त्या काढलेल्या विटेच्या पोटात भट्टीवाल्याचा छाप होता, तीन अक्षरं. सासूबाईंनी ती मागून घेतली, आता त्यांच्या तुळशीच्या कुंडीखाली आहे.

एसीवाल्याला पाचपैकी चार. पाइप काढून खिडकीशेजारनं बाहेर घेतला, ३,२०० घेतले, ढाळ व्यवस्थित दिला, आणि पाणी ओतून दाखवलं. एक तारा कापला कारण तीनदा वेळ देऊन चौथ्यांदा आला.

यानंतर काकांनी काय केलं तर काहीच नाही. तीन आठवडे. मला म्हणाले खिडक्या उघड्या ठेवा, पंखा चालू ठेवा, आणि रोज सकाळी कोरड्या ब्रशनं लोणा झाडून सुपलीत भरून टाका, पाणी लावायचं नाही. मी आदल्या दिवशीच ओल्या फडक्यानं पुसला होता, तर म्हणाले धुतलात की तो परत आत जाऊन बसतो. शेजारच्या काकूंनी बाथरूमचं ॲसिड सुचवलेलं, त्यावर त्यांनी नुसतं कपाळाला हात लावला, ॲसिड मालाला खातं, दर्जा पोकळ होतील म्हणाले. आणि प्लास्टिक पेंटलाही ते नाहीच म्हणाले, त्याची कातडी धरते, आत ओल राहिली की फुगे येऊन सालपटं निघतात, शिवाय विटेवरून तो रंग परत कधी पूर्ण निघत नाही. गिलावा करायचा तर टाचे मारा, जाळी लावा, वर आठवडाभर पाणी मारा, म्हणजे जी भिंत वाळवतोय तिलाच पाणी पाजा. जिप्सम बोर्डाचा खोका बांधायचा तर भट्टी अजून चार इंच पुढे येणार. राहिला चुना.

मला आधी जरा कसंसंच वाटलं. चुना म्हणजे गोठा, चुना म्हणजे झाडाच्या बुंध्याला लावतात तो. आणि पॅनलवाल्यानं आधीच एकदा लावला होता, त्यामुळे ह्यांनी तो विनोद करून घेतलाच, आठवडाभर करत होते.

काकांनी चुनकळी आपल्या घरीच ड्रममध्ये विझवून पंधरा दिवस मुरवलेली, कारण विझवताना ती खदखदा उकळते, फ्लॅटमध्ये ते काम नको. आमच्याकडे आलं ते दाट दह्यासारखं, दोन झाकणाच्या बादल्यांत. ते कापडानं गाळलं, पाणी घालून दुधासारखं पातळ केलं, भिजवलेला डिंक, आणि चिमूट-चिमूट करून पिवळी माती, कारण मला ट्यूबलाइटसारखा पांढरा नको होता, साईसारखा हवा होता. मग एका भागावर पाणी शिंपडलं. खालच्या विटांनी ते गटकन पिऊन टाकलं. मँटलच्या, म्हणजे खोबणीवरच्या पुढे आलेल्या कठड्याच्या, वरच्या विटांवर मात्र थेंब घरंगळायला लागले. म्हणजे वरच्या अर्ध्या भागाला कुणीतरी वार्निश नाहीतर सीलर मारलेला. काकांचा चेहरा पडला. चुना विटेत शिरायला हवा, तिनं तोंड मिटलेलं असेल तर तो नुसता वर बसतो आणि झडतो. तुमच्याकडे विटांची भिंत असेल तर आधी हे करून बघा, फुकट आहे: पाणी मुरलं तर चुना धरेल, थेंब पळाले तर नाही.

वरचा भाग तारेच्या ब्रशनं घासायला काका आणि त्यांचा भाचा, दोघांना दीड दिवस लागला. धूळ कुठे कुठे गेली ते मी अजून शोधतेय, परवा डाळीच्या डब्याच्या झाकणावर सापडली. टीव्ही, सोफा, देव्हारा सगळं झाका, आणि झाकलं असं वाटलं की परत एकदा झाका. हे काकांनी आधी सांगायला हवं होतं, इथे अर्धा तारा गेला.

मग कुंचा. ब्रश नाही, तो जाड काथ्याचा कुंचा. वीट आधी ओली करायची, मग पातळ हात. पहिला हात मारला आणि माझा जीव गेला, काही दिसेचना, ओल्या विटेवर नुसतं मळकं पाणी. मी म्हटलं काका अजून दाट करा ना. "आत्ता बघू नका. उद्या सकाळी बघा." रात्री अकराला मी पाणी प्यायला उठले तेव्हा दर्जांमध्ये पांढरं उमटायला लागलं होतं. सकाळी सहाला पडदा सरकवला तर अख्खी भट्टी उजळलेली, विटांचे कंगोरे दिसतायत, पण लाल आरडाओरडा गेलेला. ओला चुना काचेसारखा असतो, वाळेल तसा पांढरा होतो, आणि मग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू परत चुनखडीचा दगड बनतो, म्हणून तो विटेला असा धरतो. तीन हात झाले तीन दिवसांत. तिसरा ओला असतानाच काकांनी मला फडकं दिलं आणि म्हणाले जिथे वीट दिसायला हवी तिथे पुसा, तुमची भिंत आहे. मी उजव्या बाजूला पुसत सुटले, नणंदेच्या जर्मन स्मिअरसारखं, आणि जरा जास्तच पुसलं, तिथे आता कुत्र्यानं चाटल्यासारखं दिसतं. ती जबाबदारी माझी.

काम संपलं जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस दारात असताना. मटेरियल धरून १४,५०० रुपये, दोन माणसं, एकूण पाच दिवस. आतल्या खोबणीच्या तळाला काळ्या कडप्प्याची फळी टाकून घेतली, ते वेगळे.

आता दोन पावसाळे आणि मधला एक उन्हाळा काढून झालेत तर खरं खरं सांगते. खालचा भाग, जिथे वीट नागडी होती, तो जसाच्या तसा. लोणा पहिल्या वर्षी दोन विटांवर थोडा आला, झाडला, परत आला नाही. वास शून्य. वरचा वार्निशवाला भाग दोन ठिकाणी तळहाताएवढा झडलाय, काका येऊन विनापैसे हात मारून गेले, तरी थोडा डाग कळतो. पहिले सहा महिने पाठ टेकवली की कपड्याला पांढरं लागायचं, मुलाचा निळा शाळेचा शर्ट रोज झटकायला लागायचा, आता बोट फिरवलं तर अगदी पुसट. गडद रंग हवा असेल तर चुना विसरा, फिकटच छटा येतात. कुंचा चालू असताना पोरांना खोलीत येऊ देऊ नका, डोळ्यात गेला तर वाईट जळतो, काका स्वतः चष्मा लावून करत होते. आणि गुळगुळीत, शोरूमसारखं फिनिश हवं असणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये, ही भिंत आता जुन्या वाड्याच्या माजघरासारखी दिसते, मला आवडते, जाऊबाईंना अजून 'अर्धवट राहिलंय का' असं वाटतं.

एक गोष्ट मात्र कळकळीनं. अशी शोभेची फायरप्लेस असेल तर तिच्यात काहीही पेटवू नका. मुलाला थर्टी फर्स्टला शेकोटी करायची होती आणि एका दुकानदारानं आम्हाला इथेनॉलचा बर्नर गळ्यात मारायचा प्रयत्नही केला. आमच्या चिमणीचं तोंड फॉल्स सीलिंगला जाऊन थांबतं, वर धूर जायला वाटच नाही, आणि सीलिंगच्या आत सगळं वायरिंग. नणंदेला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती किंचाळलीच. तिच्याकडे पेटवायची चिमणी आहे म्हणून ती दरवर्षी तपासून घेते, तुमच्याकडे चिमणीच नाहीये, म्हणाली.

म्हणून आत गणपती बसतो. खोबण तीन फूट रुंद, अडीच फूट उंच, कडप्प्याची बैठक, मागे साईच्या रंगाचा चुना, मखराची गरजच पडली नाही. २०२४ ला सात सप्टेंबरला पहिल्यांदा बसवला तेव्हा भावजी आरतीचं ताट घेऊन आत वाकले आणि मँटलला डोकं आपटलं, यंदाही आपटलं. आरती बाहेर उभं राहून करायची असा नियम केलाय.

तारे द्यायचे तर पॅनलच्या कामाला दोन, तेही त्या पोरांच्या झाडूसाठी. वॉटरप्रूफिंगवाल्यानं भरलेल्या तड्या खऱ्याच होत्या म्हणतात इंजिनिअर काका, पण आमचा रोग तो नव्हता आणि त्यानं हात लावूनही बघितला नाही, दीड. रंगारी काकांना साडेचार. त्यांचा नंबर इथे टाकणार नाही, विचारू नका, गणपती ते दिवाळी त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो आणि आमचं वरचं पुढच्या वेळी त्यांनीच करायचंय.

राहता राहिला एसीचा पाइप. तो आता खिडकीशेजारून पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीत खाली उतरतो, हॉलमध्ये शिरलं की भट्टीच्या आधी तोच दिसतो. त्याच्यासाठी परवा पॅनलचं दुकान शोधत होते फोनवर, तेवढ्यात सासूबाईंनी मागून वाकून बघितलं. "त्याला पण चुनाच लाव," म्हणाल्या.